टाक्यातला भाडेकरू

१४ जून

आज पाण्याची बोट आली आणि माझी चारचौघांत शोभा झाली.

बोट धक्क्याला लागली की वित्से, सगळ्या गावाचा बार्बा म्हणजे काका, खांद्यावर नळी टाकून घरोघरची टाकी भरत फिरतो. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं गाव बहिरं आहे अशा समजुतीने तो बोलतो. आज आमच्या दारातून त्याने आरोळी ठोकली, "दिंकाकडे पुन्हा! मे महिन्यात भरलं होतं की गं! तू घरात कपडे धुतेस का जहाजं?"

चर्चसमोरच्या बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. सगळी हसली. आणि आमच्या खालच्या अंगाला राहणारी पेरिना, गावाची तेता म्हणजे मावशी, म्हणाली, "तिला नका रे बोलू. वीस वर्षं झाग्रेबात काढली बिचारीने. तिथे तोटी फिरवली की पाणी येतं."

मी हसले. हसण्यावारी नेलं असं दाखवलं. घरात आले आणि कान गरम झालेले कळले. या घरात मी जन्मले. हेच टाकं, हेच छप्पर, आणि आम्ही सहा माणसं बेटावर पडेल त्या पावसावर वर्ष काढायचो. बोटीचं पाणी घ्यायची वेळ आली तर बाबा दोन दिवस बाकाकडे फिरकायचे नाहीत. आता आम्ही तिघं. कपड्यांचं यंत्र, भांड्यांचं यंत्र, लेकीच्या, फानीच्या, अंघोळी, आणि नवऱ्याने, तोन्चीने, हौसेने लावलेली हिरवळ. दगडाच्या बेटावर हिरवळ! बाबा असते तर त्यांनी तोंड लपवलं असतं.

बास. हे घर आता पावसावर आणि उन्हावर चालेल. केलेल्या गोष्टी टिपायला ही वही.

१६ जून

जेवताना घोषणा केली. हिरवळ जाणार. छपराची पन्हळं दुरुस्त करून पाऊस पुन्हा आपल्या टाक्यात. पाणी तापवायला ऊन. संडासात पाणी नाही, लाकडाचा भुसा.

फानीने काटा खाली ठेवला. "भुसा म्हणजे... मांजरासारखं?"

"वर्षभरात त्याचं उत्तम खत होतं."

"आई, माझ्या मैत्रिणी येतात घरी. मी पंधरा वर्षांची आहे. मला जगायचंय."

तोन्ची म्हणाला, "आता वित्से ओरडेल, दिंकाकडचा भुसा संपला!" आणि बापलेक खिदळत सुटले. दोघांनाही काळाची जाण नाही. मी भांडी बादलीभर पाण्यात घासली आणि ते पाणी अंजिराला घातलं. फार बरं वाटलं.

२ जुलै

हिरवळ गेली. संडास झाला. फानी स्प्लिटला बापाच्या आईकडे जाऊन राहण्याची धमकी देते आहे, पण वापरते. तळणीच्या जुन्या तेलाचा साबण केला, बोट भाजलं, पण आपल्या बांधावरच्या लॅव्हेंडरचा अर्क घातल्यामुळे वास असा सुरेख की अंघोळ करून आलेला माणूस ओळखू यावा. आता घरात विकतचा साबण नाही.

सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून तेता पेरिनाने विचारलं, "काय गं, खरं का? शिकलीसवरलीस आणि आता भुशात बसतेस?"

"तेता, पुढे सगळं जग असंच करणार आहे."

"मग मी वेळेवर मरते आहे म्हणायची."

मग तिने तिच्या टाक्याची लोखंडी कडी झाकणावर आपटली, तीनदा, आणि माशाचं डोकं आत टाकलं. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पूर्वी बेटावर प्रत्येक टाक्यात एक वाम असायची, सापासारखी लांब मासळी, अळ्या-किडे खाऊन पाणी स्वच्छ ठेवायची. आता पेरिनाचीच तेवढी उरली. ती तिला 'माझा भाडेकरू' म्हणते. "भाडं देत नाही, पण घर स्वच्छ ठेवतो," हा तिचा ठरलेला विनोद.

ती वाम रोकोने आणली. पेरिनाचा मुलगा, माझ्या वर्गातला. नेरेत्वा नदीवर शाळेची सहल गेली होती, तिथे त्याने पकडली. बादली जड होती, म्हणून परतीच्या बोटीवर कडीची एक बाजू त्याने धरली आणि एक मी. तेव्हा पेरिना तिला 'रोकोची वाम' म्हणायची. रोको तेविसाव्या वर्षी जहाजावर गेला तो परत आला नाही. त्यानंतर ती भाडेकरू म्हणायला लागली. त्याचं नाव बाकावरही कुणी काढत नाही.

९ जुलै

आज घबाड मिळालं!

साबणाचं सांडपाणी मुरवून वापरायला खड्डा हवा होता. खडी भरायची, वर बोरू लावायचा, बोरू पाणी गाळतो. जागा शोधली खालच्या भिंतीलगत. कुदळ मारली तर दगड नाहीच. लाल माती! आणि कशी, तर एकही खडा नसलेली, चिकट, लोण्यासारखी, कुणी चाळून ठासून भरावी तशी. आमच्याकडे बायकांनी दगडांच्या फटींतून ओंजळ-ओंजळ माती ओच्यात भरून वाफे केलेले. माझ्या आजीने लग्नात माहेराहून पोतंभर लाल माती मागून आणली होती. आणि इथे कमरेएवढी खोल, भिंतीच्या लांबीभर!

तोन्ची म्हणाला, "इतकी निवडलेली माती इथे उगाच कशी असेल? पेरिनाला विचार. म्हातारीला माहीत असेल."

"विचारलं की ती म्हणेल निम्मी माझी."

"तरी विचार."

विचारलं नाही. दिवसभर आम्ही माती वरच्या बांधावर वाहिली आणि टोमॅटोच्या वाफ्यात घातली. वाहताना गुणगुणत होते. खड्ड्यात आता खडी आहे.

२८ जुलै

बोट आली. बार्बा वित्से आमच्या दाराशी थांबला आणि मी मोठ्याने म्हटलं, "आम्हाला नको."

"काय?"

"नको! पाणी नको!"

"दिंकाला पाणी नको!" तो चौकाकडे वळून गरजला. "घंटा वाजवा रे!" बाकावर टाळ्या पडल्या. जूनमधला हिशेब चुकता झाला. टोमॅटो मुठीएवढे झालेत, बोरू कमरेएवढा. सांडपाणी खडीत जातं आणि दिसेनासं होतं, थेंब वर राहत नाही. याहून चांगलं काय असतं?

पेरिना मात्र भिंतीवरून म्हणाली, "हल्ली माझ्या पाण्याला नवरीच्या पेटीसारखा वास येतो."

"तुमच्या घरात लॅव्हेंडरच्या जुड्या टांगलेल्या आहेत, तेता. नाकात बसला असेल वास."

"त्या पन्नास वर्षं टांगलेल्या आहेत," ती म्हणाली. तिचं नाक आता थकलं असावं.

६ ऑगस्ट

पेरिना सकाळी कडी वाजवते ती वाजवतच राहते. कानही गेले वाटतं. काल विचारलं तर म्हणाली, "भाडेकरू रुसलाय. उन्हाळा फार आहे, तळाला बसला असेल."

तिचं पोट बिघडलं आहे. वाइनमध्ये टाक्याचं कच्चं पाणी घालून पिते, जन्मभराची सवय. मी तिला समजावून सांगितलं की टाकं साफ करून युगं लोटली, जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत, शिवाय टाक्यात प्राणी पाळायचे दिवस गेले. आमचं पाणी बघा, म्हटलं. ती काही बोलली नाही. न बोलणं हा तिचा स्वभाव नव्हे. माझं म्हणणं पटलं असेल तर चांगलंच आहे.

१५ ऑगस्ट

मेरीमातेचा सण. मिरवणुकीनंतर पाद्रीबुवांनी स्वतः मला चर्चच्या पायरीवर उभं केलं आणि घराबद्दल बोलायला सांगितलं. मी बोलले. लोक नंतर घर बघायला आले. बोरूला हात लावून बघत होते. जी फानी स्प्लिटला पळणार होती तीच मैत्रिणींना संडास दाखवत होती.

पेरिना मिरवणुकीला आली नाही. जन्मात पहिल्यांदा, असं लोक म्हणत होते. भाषणात मी म्हणून गेले, "आपल्यातली काही वडीलधारी माणसं अजूनही हट्टाने घाण पाणी पितात आणि अंथरूण धरतात." नाव घेतलं नाही. तरी सगळ्यांनी बाकावरच्या तिच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. जरा जास्त झालं का? पण खरं ते बोलायला हवंच.

१७ ऑगस्ट

मी मारली. रोकोची वाम मी मारली.

१८ ऑगस्ट

काल हात चालेना. आज लिहिते, कारण तोन्चीला सगळं सांगवलं नाही.

पेरिनासाठी सूप घेऊन गेले होते. ती पलंगावर, तोंड पांढरं. म्हणाली, "पाणी संपलंय, तेवढं काढून दे. आणि कडी वाजव. तीनदा." मी अंगणात गेले, कडी वाजवली, झाकण उचललं. आतून माझ्या साबणाचा वास आला. लॅव्हेंडर. आमच्या न्हाणीघरात यावा तसा.

वाम वर होती, पोट वर करून. हाताएवढी जाड. पांढरी पडली होती. पाण्यावर तवंग होता, आणि आमच्या बाजूच्या भिंतीतून, बरोबर बोरूच्या खालून, ओल उतरत होती. तिथे भिंतीमागे काही नव्हतंच. जे होतं ते माझ्या टोमॅटोखाली आहे. टाकं गळू नये, बाहेरचं आत येऊ नये म्हणून कुणा म्हाताऱ्यांनी चाळून, तुडवून भरलेली माती ती. या बेटावर जन्मलेल्या बाईला एवढं कळू नये? लाल माती दिसली आणि माझी शुद्ध हरपली.

पुढचंही लिहिते. मी वाम बादलीत काढली, वर सूपाचं फडकं टाकलं. आतून पेरिनाचा आवाज आला, "आला का गं?"

मी म्हटलं, "आला. पहिल्याच हाकेला आला, तेता."

ती म्हणाली, "बरं."

मी बादली घेऊन चोरासारखी मागच्या वाटेने घरी आले. एकटीच होते. कडीची दुसरी बाजू मोकळी होती.

२० ऑगस्ट

बोरूकडे जाणारी नळी त्याच दिवशी तोडली. पेरिनाला आमच्या टाक्याचं पाणी नेऊन देते. तिला सांगितलं की तिच्या टाक्यात चुना टाकलाय, काही दिवस वापरायचं नाही. एका खोट्याला दुसरं खोटं. तिचं पोट बरं होत आहे. मी गेले की बघत राहते, आभार मानत नाही, काही विचारतही नाही. रोज सकाळी तिला ऐकू जावी म्हणून मी कडी तीनदा वाजवते. आत पाण्याशिवाय काही नाही. माझी मलाच किळस येते.

वाम अंजिराखाली पुरली. स्प्लिटहून एक बाई घराचे फोटो काढायला आली होती. तिला बोरूसमोर उभी राहिलेली मी हवी होते. मी डोकं दुखतंय म्हणून आत गेले आणि कडी लावून बसले. तोन्चीने दाराबाहेरून विचारलं, "दिंका, काय झालंय?" मग सांगितलं. सगळं. 'मी म्हटलं होतं' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"जाऊन सांग," एवढंच म्हणाला.

"तिला सोसणार नाही."

"तिला की तुला?"

२३ ऑगस्ट

गेले नाही. दारापर्यंत गेले, सूप ठेवून आले.

जूनमध्ये गाव हसलं तेव्हा मला वाटलं होतं यालाच लाज म्हणतात. ती तर चैन होती. राग आला, हिरवळ उपटली, टाळ्या मिळाल्या, धुतली गेली. आताची कुणाला माहीतच नाही. बाकावरून जाते तेव्हा लोक उठून नमस्कार करतात, 'आमच्याकडेही बोरू लावून दे' म्हणतात. प्रत्येक नमस्कार तोंडावर बसतो.

२६ ऑगस्ट

आज पेरिना अंथरुणातून उठली. सकाळी मी कडी वाजवायला गेले तर ती टाक्यापाशी खुर्ची टाकून बसलेली. काळी शाल, मांडीवर माशाचं डोकं, कागदात गुंडाळलेलं.

"तेता," मी म्हटलं, "वाम मेली. माझ्या सांडपाण्याने मेली. भिंतीमागची माती मीच काढली. तुमचं पोटही त्यानेच बिघडलं. त्या दिवशी मी खोटं बोलले."

सगळं एका दमात. मग मी तिथेच अंगणात फतकल मारली.

ती बघत होती. रडली नाही. म्हणाली, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू म्हणालीस ना, पहिल्याच हाकेला आला. बाई गं, तो कुणाच्याच हाकेला येत नसे. माझा नवरा कडी वाजवून थकला, कधी आला नाही. दोघांच्याच हाकेला यायचा." ती थांबली. "त्यातली एक मी. तू 'आला' म्हणालीस आणि मला कळलं की गेला."

आणि मी नऊ दिवस कडी वाजवत होते. ती आत पडून ऐकत होती. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"मग बोलला का नाहीत?"

"बघत होते, किती दिवस वाजवतेस." तिने कागदातलं डोकं मांजराला टाकलं. मी हात जोडले, माफी मागितली, नवं टाकं बांधून देते म्हटलं, नेरेत्वाहून दुसरी वाम आणते म्हटलं. तेव्हा मात्र ती भडकली. "दुसरी आण आणि बघ, तुलाच टाक्यात सोडते! माती परत आण. माझ्या सासऱ्याने तुडवलेली माती आहे. होती तिथे भर. आणि मागच्या वाटेने नाही. चौकातून."

१ सप्टेंबर

टोमॅटो उपटले, लगडलेले. फानी न सांगता मदतीला आली, फळं टोपलीत भरून ठेवली. तिला मी सांगितलं आहे. ती फक्त म्हणाली, "मी मैत्रिणींना तो बोरू दाखवला, आई." तिच्या तोंडावर जे होतं ते माझंच होतं. लेकरालाही लाजेची वाटणी दिली मी.

तोन्चीने भिंतीलगतची खडी काढली, पेरिनाचं टाकं उपसलं, आतून चुन्याने सारवलं. माती मी एकटी वाहते आहे, पेरिनाची तशी अट आहे. वरच्या बांधावरून खाली, चर्चवरून, बाकासमोरून, एकेक बादली. आज पहिल्या खेपेला लोक कौतुकाने उभे राहिले. "शाब्बास दिंका! आता काय नवीन?" पेरिना बाकावर तिच्या जागेवर येऊन बसली होती. तिने कुणाला काही सांगितलेलं नाही. माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मातीचं काम आहे." आणि पुढे गेले.

दुसऱ्या खेपेलाही तेच म्हटलं. ती बघत होती. तिसऱ्या खेपेला वाट बदलावीशी वाटली.

२ सप्टेंबर

सकाळपासून आभाळ भरून आलं आहे. पाऊस पडण्याआधी भिंत भरायलाच हवी, नाहीतर तिचं टाकं यंदा कोरडं राहील आणि म्हातारीला हिवाळाभर बोटीचं पाणी प्यावं लागेल. म्हणून भराभरा खेपा चालल्या होत्या. बाकासमोर बार्बा वित्सेने वाट अडवली.

"दिंका, कसली खेप? मलाही शिकव की! माझी बायको म्हणते, दिंका करते ते करा!"

बाकावरचे हसले. पेरिना हसली नाही. शाल आवरून तशीच बसली होती. मी बादली खाली ठेवली. हाताला कडीचे वळ पडले होते, ते बघत म्हटलं, "शिकण्यासारखं नाही, बार्बा. मी तेता पेरिनाचं टाकं नासवलं. भिंतीमागची माती चोरून टोमॅटोला घातली आणि तिथे साबणाचं पाणी सोडलं. सणाच्या दिवशी मी पायरीवर उभी राहून जिला हट्टी म्हणत होते ती माझ्या पाण्याने आजारी होती. आणि रोकोची वाम मी मारली."

नाव तोंडातून गेलं तसं बाक गप्प झालं. कितीतरी वर्षांनी तिथे कुणी ते नाव घेतलं असेल. वित्सेने कानामागे हात धरला. "काय? काय मारलं?"

मी पेरिनाकडे पाहिलं. सोडवा मला, असंच माझ्या डोळ्यांत असणार. तिचा आवाज नेहमीचाच आला.

"जोरात सांग," ती म्हणाली. "त्याला कमी ऐकू येतं."

मी जोरात सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, चौकाच्या पार टोकाला ऐकू जाईल असं. दारं उघडली, खिडक्यांत बायका आल्या. 'रोको' म्हणताना आवाज चिरकला, म्हणून ते पुन्हा म्हटलं.

वित्से आयुष्यभर प्रत्येक घरची गोष्ट गावभर ओरडत आला. आज त्याने ओरडून काहीच सांगितलं नाही. टोपी काढली आणि बाजूला झाला.

मी बादली उचलली. अजून खूप खेपा बाकी होत्या.